मानसीच्या स्पॅनिशसाठी रोह्याहून हमरापूरला

मंडळी, सगळे बरे आहात ना? साताऱ्याच्या विमलताई, मोतीबिंदू काढल्यावर अक्षरं सरळ दिसायला लागली का? नसतील तर हे नातवाकडून वाचून घ्या. चिपळूणचे बापू, कंबर कशी आहे? पट्टा बांधताय ना, की खुंटीलाच टांगलाय? नाशिकच्या शैला, सुनेला आठवा लागला असेल, तिला जपा, आणि तुम्ही स्वतःही दोन घास वेळेवर खा. दापोलीचे मास्तर, तुमची साखर किती ते विचारत नाही. आंबे संपले, एवढीच आठवण करते.

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते जुनंच. डोकं मात्र या रोहा-पेणच्या फेरीपासून गोंधळलंय, म्हणून लिहायला बसले.

झालं असं, की हमरापूरहून सुनंदाचा फोन आला. सुनंदा म्हणजे माझ्या भाच्याची, म्हादूची बायको; म्हादूचा तिथे गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. "आत्या, मानसी कॉलेजला परत जायचं नावच काढत नाय. आठ दिवसांवर आलंय. तुम्ही या." पुढे काही विचारेपर्यंत फोन बंद. मानसी ही त्यांची मुलगी. शहरातल्या विद्यापीठात स्पॅनिश शिकते. पहिलं वर्ष झालं, दुसरं सुरू व्हायचं होतं. आमच्या घरातून हॉस्टेलला राहायला गेलेली ती पहिलीच.

स्पॅनिश म्हणजे स्पेनची भाषा, इथवर माझी मजल. पण मागे तिने सांगितलं, की ती वीसेक देशांत चालते, आणि तिला व्याकरणाबरोबर त्या सगळ्यांचा इतिहास, कविता, कादंबऱ्या, सणवार, खाणंपिणंही अभ्यासाला आहे. मी विचारलं, "मग परीक्षा नक्की कोणत्या देशाची?" ती हसत सुटली. मला उत्तर अजून मिळालेलं नाही.

महाडहून एसटीने निघाले. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीसाठी भांडायला जोर येतो. कोलाडच्या नाक्यावर उतरायचं आणि रोह्याची शेअर रिक्षा धरायची. भरल्याशिवाय ती हलत नाही, तेव्हा घाईत असाल तर दोन सीटचे पैसे द्या. महामार्गाचं काम कुठे झालंय, कुठे राहिलंय, ते ड्रायव्हरलाही पाठ होत नाही. कंबरेचा पट्टा लावूनच बसा, बापू.

रोह्याला सुनंदाच्या भावाकडे, रमाकांतकडे मुक्काम केला. एका दमात पेण गाठणं आता झेपत नाही. संध्याकाळी कुंडलिकेच्या काठाने चालून या, वारा छान असतो. धावीर महाराजांचं दर्शनही घ्या. रमाकांत कंपनीतली पहिली शिफ्ट करून आला होता.

"मानसीचं काय रे ठरलं?" मी विचारलं.

"ठरायचं काय? दाजींनी ठरवलंय. सीझन हाय ना! पोरगी गेली तर गणपतींचे डोळे कोण काढणार?"

"म्हादूनेच अडवलंय?"

"मग दुसरं कोण? आणि आत्या, मी तर म्हणतो, स्पॅनिश घेतलंच कशाला? जर्मन घ्यायचं. आमच्या कंपनीत जर्मन साहेब येतात."

"नेहमी येतात?"

"एकदा आलेले."

झोपताना मी म्हादूला काय काय सुनवायचं त्याची उजळणी केली.

सकाळी दिवा स्टेशनला जाणारी पॅसेंजर गाडी पकडली. रोह्याहून पेणला हीच सोयीची. तिकीट दोन कप चहाएवढं, बसायला जागा मिळते, पण फेऱ्या मोजक्या, वेळ आधी विचारून ठेवा. नागोठण्याला एक बाई चढल्या, माझ्याच वयाच्या, डोक्यावरून ओढणी, हातात सुक्या जवळ्याची पिशवी. मुलगा आखातात आहे म्हणाल्या. मी माझं रडगाणं सांगितलं.

"आमचा पोरगा अरबी शिकला तिकडे. दुकानात उभा राहून," त्या म्हणाल्या. "आधी गिऱ्हाईकं हसायची. आता शेठ त्यालाच पुढे करतो. पण भाषा शिकायला कालिज कशाला लागतं, बाई?"

मी पिशवीतले शेंगदाणे त्यांच्यापुढे केले. मी तर तिला परत पाठवायला निघाले होते, आणि कशासाठी ते मलाच सांगता येईना.

पेणला उतरल्यावर बाजारातून पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घ्या. आधी एक भाजून दाखवा म्हणायचं, दाखवतात. मग रामवाडीला येऊन हमरापूरची रिक्षा. गावात शिरलं की प्रत्येक ओटीवर गणपती. कुणी पांढरा, कुणाचं नुसतं पीतांबर रंगलेलं. म्हादूच्या कारखान्यात सुकायला पंखे लावलेले, पाय ठेवायला जागा नाही.

मानसी एका मूर्तीसमोर पाटावर बसली होती. डोळे रेखायचे म्हणजे आखणी, हे सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत अवघड काम. आठवड्याची मेहनत झालेली असते, आणि एक रेघ हलली की बाप्पा रागावलेला दिसतो. ती श्वास रोखून ब्रश टेकवते. पाहणाऱ्याचाही श्वास अडकतो.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. मला धीर कुठला! पहिल्या घासालाच सुरुवात केली. "म्हादू, लाज नाही वाटत? पोरीचं शिक्षण तोडून डोळे काढायला बसवतोस? तुझे हात काय मोडलेत?" आणखीही बरंच बोलले. ते इथे लिहीत नाही.

म्हादू खाली मान घालून जेवत राहिला. मग मानसी म्हणाली, "आजी, पप्पांना नको ना बोलू. ते रोज सांगतात जा. मीच नाय जात."

भाकरी माझ्या हातातच राहिली. सुनंदा म्हणाली, "मी फोनवर सांगणार होते, आत्या. रेंज गेली."

"मग का गो नाही जात?"

तिने बिरड्यातला एक वाल बाजूला सारला. मग सांगितलं. वर्गात मॅडम सगळं स्पॅनिशमधूनच बोलतात. गोष्ट वाचून झाली की एकेकाला विचारतात, तुला काय वाटलं? बाकीची मुलं शाळेपासून शिकलेली, धडाधड बोलतात. हिला वाटलेलं असतं खूप. पण वाक्य मनात पक्कं जुळेपर्यंत वर्ग पुढच्या पानावर गेलेला असतो. लेखी परीक्षेत मार्क चांगले. तोंडी परीक्षेत मात्र दोन मिनिटं नुसती उभी राहिली. वर्षभरात एकदाही हात वर केला नाही.

"चुकीचं बोलायचं कसं, आजी? माझ्याच्यानं होतच नाय."

तेव्हा म्हादू पहिल्यांदा बोलला. "हीच असं बोलते बघ, आत्ये! हिनं शंभर गणपती तिरळे केलेत."

"पप्पा!"

"व्हय, केलेत! दोन वर्षं हिला तडकलेल्या मूर्तीच द्यायचो. सुकताना तडा जातो ना, त्या. काढ, पूस, परत काढ. हात बसला तवा चांगली मूर्ती दिली." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण तिकडे कॉलेजात तडकलेला कुठून आणायचा?"

"तिकडे सगळे चांगलेच हायत," मानसी पुटपुटली.

मी म्हटलं, "मग मी आहे की! माझ्याएवढं तडकलेलं कोण मिळणार तुला? गुडघे गेले, दात गेले. आणि मला चूक की बरोबर, काडीचं कळत नाही. गिरव माझ्यावर."

सुनंदा हसली, मग म्हादू हसला. मानसी मात्र हसली नाही. हात धुऊन आली, माझ्यासमोर बसली आणि वर्गातली एक गोष्ट स्पॅनिशमधून सांगायला लागली. थांबली, अडखळली, कपाळावर हात मारला, परत सुरू. मला वाटलं कुणीतरी मेलं असावं, कारण तिचा चेहरा तसा झाला होता. मी "अरेरे" म्हटलं. तर ती म्हणाली, "आजी, लग्न आहे इथे!"

दोन दिवस राहिले. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी तिने बॅग भरली.

मी निघताना कारखान्याच्या कोपऱ्यात नजर गेली. तडकलेल्या मूर्तींवर कुणीतरी नवे डोळे काढले होते, एक वर एक खाली. मी म्हादूकडे पाहिलं. "सुनंदा शिकते हाय," तो म्हणाला. "माझा हात आता आखणीला चालत नाय गो. मानसीला सांगू नको." सीझन तोंडावर, आणि मी त्याचे हात मोडलेत का म्हणून विचारलं होतं. तो रामवाडीला सोडायला आला, पण एसटीत बसेपर्यंत मला त्याच्याकडे नीट पाहवलं नाही.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. पापड अर्धे संपले. मानसी हॉस्टेलवर आहे आणि दर रविवारी संध्याकाळी फोन करते. दहा मिनिटं स्पॅनिश. मी भाजी निवडत ऐकते, मधेमधे "बरं" म्हणते. मागच्या रविवारी एक अख्खी गोष्ट सांगितली आणि शेवटी मराठीत विचारलं, "आजी, तुला काय वाटलं?"

मला ना गोष्ट कळली होती, ना देश. म्हटलं, "तू मधे थांबली नाहीस, एवढं कळलं." ती "ठेवते" म्हणाली. आवाज ओला होता की नेटवर्क, सांगता येत नाही.

वर्गात हात वर केला का, हे विचारायचा मला अजून धीर झालेला नाही. विचारलं आणि "नाय" म्हणाली तर? आणि नाही विचारलं, तर आजीला काही पडलेलं नाही असं तर वाटणार नाही? म्हादूच्या हाताचं तिला सांगायचं नाही हे तर वेगळंच ओझं. तुमच्यातल्या ज्यांनी मुलं-नातवंडं दूर शिकायला धाडलीत, त्यांनी काय केलं असतं ते लिहा. पण लवकर लिहा हं, रविवारच्या आत. सहा वाजता तिचा फोन येतो.