गोलकीपरची आई

कोल्हापुरात फुटबॉलची मॅच बघायला आलेला प्रत्येक जण कोच असतो. त्या दुपारी आमच्या पेठेच्या संघावर गोल झाला आणि माझा मित्र नंदू उभा राहून ओरडला, "कोचला काय कळतंय? ह्याला गोलात उभा केलाच कशाला?" मग त्यानं गोलकीपरला आईवरून शिवी हासडली. आजूबाजूच्यांनीही तीच शिवी उचलली.

पुढच्या पायरीवर बसलेली एक बाई उठून आमच्याकडे वळली. डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली.

"मीच त्याची आई," ती शांतपणे म्हणाली. "काय म्हणायचंय ते मला म्हणा. त्याला खेळू द्या."

नंदूची मान खाली गेली. "चुकलं, मावशी," तो पुटपुटला. ती पुन्हा मैदानाकडे तोंड करून बसली.

संघ आपला म्हणताना आपण बहुधा जर्सीच्या रंगालाच आपलं म्हणत असतो. आतला माणूस हरत्या दिवशी कुणाचा असतो, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं.

थोड्या वेळानं तिच्या मुलानं झेप घेऊन एक नक्की गोल अडवला. सारं मैदान ओरडलं. आमच्या पायरीवर मात्र टाळी वाजवायला कुणाचा हात उठेना.