न आलेल्या टोळांवर फवारणी

टोळ मैसूरला आलेच नाहीत. राजस्थानातून ते मध्य प्रदेशात शिरले, तिथून विदर्भापर्यंत पोचले, आणि टीव्हीवाल्यांनी ते रोज संध्याकाळी आमच्या घरात आणून सोडले. टाळेबंदीचा उन्हाळा होता. माणसं कोंडलेली, हातात मोबाइल, पोटात भीती. अशा वेळी लोक काय वाट्टेल ते करतात. करू देत. माझा राग त्यांच्यावर नाही. ज्यांना खरं काय ते ठाऊक होतं आणि तरीही ज्यांनी फवारणीची टाकी भरली, त्यांच्यावर आहे.

माझे मामा मंडी मोहल्ल्यात शिंपीकाम करतात. त्या वर्षी लग्नंच झाली नाहीत, त्यामुळे ब्लाउज नाहीत, सफारी नाहीत, मशीनवर नुसते मास्क. मामांचा दुसरा नाद मधमाश्यांचा. बन्नीमंटपाच्या मागे एका ओळखीच्या माणसाची मोकळी जागा आहे. तिथे चिंचेखाली मामांच्या सहा पेट्या होत्या. एरवी तो नाद होता, त्या उन्हाळ्यात मात्र घर त्याच्यावर चाललं होतं. चिंच फुललेली, पेट्या जड झालेल्या. मामी रोज विचारायच्या, "मध कधी काढायचा?" आणि मामा म्हणायचे, "अजून आठवडाभर. सुम्ने, उगाच घाई करू नकोस."

त्या जागेच्या कुंपणाला रुईची झुडपं आहेत. रुईवर दर उन्हाळ्यात ठिपकेवाले पिवळे नाकतोडे येतात. दिसायला भडक, पण त्यांना धड उडताही येत नाही, आणि रुई सोडून ते सहसा कशाला तोंड लावत नाहीत. शेजारच्या नव्या वसाहतीतल्या एका गृहस्थांनी त्यांचा व्हिडिओ काढला, त्याला लढाईचं संगीत जोडलं आणि वर लिहिलं, 'टोळधाड मैसूरमध्ये!' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी वसाहत गच्चीवर उभी राहून ताटं बडवत होती. नाकतोडे रुईचं पान चघळत होते.

"त्यांना ऐकू येतं का गं?" मामींनी मला विचारलं.

"येतं की. टोळांचे कान पोटावर असतात."

"मग पोट भरलं की ऐकतील," मामी म्हणाल्या आणि मास्कला नाडी लावत बसल्या.

मी तेव्हा शेतातल्या विषारी फवारण्यांविरुद्ध पत्रकं काढणाऱ्या एका लहानशा गटात काम करत होते. अजूनही करते. त्यामुळे टोळांबद्दल मी बरंच वाचलं होतं, आणि टोळांवर नजर ठेवण्याच्या कामाची मी कधीच थट्टा करणार नाही. वाळवंटात पाऊस कुठे पडला, हिरवं कुठे उगवलं, पिल्लं कुठे निघाली, वारा कुठला, हे सगळं पाहून थवा कुठे जाणार ते सांगतात. थवा दिवसा वाऱ्याबरोबर उडतो आणि सांजेला झाडांवर उतरतो. पहाटे तो गारठून बसलेला असतो. फवारणी करायची ती तेव्हाच, ऊन लागून तो उडायच्या आत. तिकडे माणसं रात्री जागून हे काम करत होती. आमच्याकडे वारा नैऋत्येचा होता. विदर्भातल्या थव्याला मैसूरला यायचंच असतं, तर वाऱ्याच्या तोंडावर यावं लागलं असतं.

दोन नाकतोडे लोणच्याच्या बरणीत घालून मी नजरबादला गेले. तिथल्या एका कचेरीतून फवारणीची गाडी निघणार असं कळलं होतं. टेबलामागच्या साहेबांनी बरणी उचलली, फिरवून पाहिली आणि परत ठेवली. बोलणं कानडीत झालं.

"हा टोळ नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं, काम झालं. "मग गाडी रद्द ना, साहेब?"

"मॅडम, हा टोळ नाही हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. फोन करणाऱ्यांना माहीत आहे का? दिवसभर फोन येतायत. वरून विचारतायत, काय केलंत? काहीतरी केलेलं दिसायला पाहिजे."

काहीतरी केलेलं दिसायला पाहिजे! हे वाक्य मी नंतर तीन पत्रकांत छापलं. त्या दिवशी मात्र ओरडून काही होणार नव्हतं. मी मामांच्या पेट्यांचं सांगितलं. फवारा चिंचेच्या फुलांवर उडणार, माश्या तिथेच असणार. ते जरा ओशाळले. म्हणाले, "उद्या पहाटे करू. उजाडायच्या आत. टोळांवर तशीच करतात. तुमच्या मामांना पेट्या बंद ठेवायला सांगा. तास-दोन तासांचं काम."

हे बोलणं सरळ होतं. शुक्रवारी संध्याकाळी माश्या परतल्यावर मामांनी पेट्यांची दारं जाळीने बंद केली आणि वर ओली गोणपाटं टाकली. शनिवारी उजाडायच्या आधी आम्ही दोघं चिंचेखाली जाऊन बसलो.

उजाडलं. गाडी नाही.

उन्हं झाडावर आली. गाडी नाही. मी साहेबांना फोन लावत होते, तो वाजून वाजून बंद पडत होता. पेट्यांतून घोंघावणं वाढायला लागलं. त्या उन्हात दार बंद ठेवलं तर माश्या आतल्या आत गुदमरून मरतात. मामा एकेका पेटीला कान लावत होते, गोणपाटावर पाणी मारत होते. शेवटी म्हणाले, "आता येत नाहीत गं ते. उघडतो." आणि त्यांनी जाळ्या काढल्या. माश्या थेट चिंचेवर गेल्या.

गाडी आली साडेदहानंतर. का, तर नारळ फोडायला बोलावलेल्या आमच्या भागातल्या पुढाऱ्यांना पहाटे उठवत नव्हतं, आणि ते तयार झाले तेव्हा शनिवारचा राहुकाळ लागला होता. नऊ ते साडेदहा. शुभकार्य, मग राहुकाळ संपल्यावरच! टाकीला झेंडूचा हार होता, चाकांखाली लिंबं. नारळ फुटला, कोहळा फुटला, फोटो निघाले. टोळांची वेळ पुस्तकात लिहिलेली होती, साहेबांना पाठ होती, पण गाडी निघाली पंचांग पाहून.

मी गाडीसमोर उभी राहिले. मामा मागे धावत पेट्यांवर गोणपाटं टाकत होते, पण आत होतं कोण? कामकऱ्या माश्या सगळ्या वर, फुलांत.

"यारी ई हुडुगी?" पुढाऱ्यांनी विचारलं. कोण ही पोरगी?

मी गाडीबरोबर आलेल्या कचेरीतल्या साहेबांकडे वळले. "काल तुम्ही काय म्हणालात? पहाटे म्हणालात ना? सांगा यांना. बरणीत काय होतं ते पण सांगा."

साहेब खाली पाहत हळूच म्हणाले, "मॅडम, आता पूजा झालीय. पूजा झालेली गाडी परत कशी न्यायची?"

दोघांनी मला दंडाला धरून बाजूला केलं. नळी रुईवर फिरली, मग जोर दाखवायला वर उचलली गेली आणि चिंचेवर फिरली. वसाहतीच्या गच्च्यांवरून टाळ्या पडल्या.

दुपारपर्यंत पेट्यांच्या दारांशी माश्यांचा खच पडला. काही गोल गोल फिरत होत्या, काही उलट्या पडून पाय झाडत होत्या. मामा उकिडवे बसून पाहत राहिले. चार दिवसांत सहाही पेट्या गेल्या. भरलेली पोळी मामांनी खड्ड्यात पुरली. तो मध विकायचा कुणाला, आणि कुठल्या तोंडाने? मला वाटत होतं मामांनी ओरडावं, कचेरीवर जावं. ते एवढंच म्हणाले, "येनु माडोदु? काय करायचं?" मी पत्रकं वाटली. टोळ आले नाहीत, म्हणजे फवारणी यशस्वी, असं कचेरीतून उत्तर मिळालं. न आलेल्याला परतवून लावल्याचं श्रेय! असला धंदा एकदा जमला की कधीच तोटा नाही.

श्रावणात पुढाऱ्यांचा माणूस स्टीलचा डबा घेऊन मामांच्या दुकानात आला. घरी अभिषेक होता. "शुद्ध मध पाहिजे. सगळे तुमचंच नाव सांगतात."

मामा मशीन चालवतच म्हणाले, "उद्या पहाटे या."

"किती वाजता?"

"तुमचा राहुकाळ संपला की या."

दुसऱ्या दिवशी तो उन्हं चढल्यावर उगवला. मामांनी एक पेटी दुकानात आणून ठेवली होती. त्यांनी झाकण काढलं, एकेक चौकट उचलून त्याच्या नाकासमोर धरली आणि शेवटी रिकामी पेटी वाकवून दाखवली.

"नोडी, बघा," मामा म्हणाले, "एकसुद्धा टोळ नाही."

तो आत वाकून बघत राहिला. "आणि मध?"

मामा मशीनवर जाऊन बसले आणि त्यांनी पायडल मारलं.