यादीत नसलेला मानेसरचा कार्यक्रम

नवरा म्हणाला, "एका यादीसाठी दिल्लीला जाणार? या वयात?" म्हटलं, हो, जाणारच.

त्याचं असं झालं. सल्फर रोड हा दिल्लीतला जुना हेवी मेटल बँड. त्यांच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक अड्डा आहे आणि तिथे बँडच्या आजवरच्या प्रत्येक कार्यक्रमाची क्रमांक घातलेली यादी आहे. कुठला कार्यक्रम सरस यावर तिथे रोज हमरीतुमरी चालते. एकमत फक्त एका गोष्टीवर, सगळ्यात भारी क्षण कुठला यावर. बँडच्या सगळ्यात लांब गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात, नुसता ड्रम उरतो आणि लोक हाताला येईल ते कठड्यावर आपटून साथ देतात. आता ही प्रथा आली कुठून? तर एकानं ठोकून दिलं की परदेशी चाहत्यांकडून उचलली. वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अहो, ती प्रथा मानेसरच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये सुरू झाली. तो बँड मीच बोलावला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गुडगावच्या पुढे मानेसरला जिकडेतिकडे पत्र्याच्या शेड उगवत होत्या. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी कामगार कल्याण विभागात नवीन लागले होते आणि दिल्लीत मयूर विहारला मामांकडे राहत होते. विश्वकर्मा पूजेला करमणुकीचा कार्यक्रम ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकू हळदीकुंकवाला म्हणाल्या होत्या, आमचा संजू ऑर्केस्ट्रात वाजवतो. घरचाच मुलगा, मी लगेच नक्की करून टाकलं. पूजेच्या दुपारी काळ्या कपड्यांतली, खांद्यापर्यंत केस वाढवलेली चार पोरं टेंपोतून उतरली तेव्हा मी आधी साहेब कुठे आहेत ते पाहिलं.

पहिल्याच गाण्याला साहेबांनी कानांवर हात ठेवले. तिसऱ्याला वीज गेली आणि साहेब म्हणाले, देव पावला! पण ड्रमला वीज कशाला लागते? संजू वाजवतच राहिला. तेवढ्यात पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमधल्या रामपालनं स्टीलचं ताट उचललं आणि चमच्यानं त्याच्या मशीनचा ठेका धरला. एक ठोका, जरा दम, मग लागोपाठ दोन. बघता बघता अख्खं कँटीन ताटं वाजवायला लागलं. जनरेटर सुरू झाला तरी कुणी थांबेना.

एवढं सगळं मी अड्ड्यावर लिहिलं, तर खाली उत्तर आलं, "छान कथा आहे." कथा म्हणे! बँडचा मोठा कार्यक्रम फेब्रुवारीत गुडगावला होता, त्याचंच तिकीट काढलं.

पहिला दिवस. निझामुद्दीनला उतरून कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात सामान टाकलं. शिफारसपत्राची सोय महिनाभर आधी करा, खोली साधी पण स्वच्छ मिळते. जेवायला पिठलं-भाकरी मिळाली, शेजारच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेची पोरं सांगलीच्या भडंगाच्या आठवणी काढत होती. मंडी हाऊसहून मेट्रो धरायची, केंद्रीय सचिवालयाला बदलायची, तासाभरात गुडगाव. अड्ड्यावर ठरल्याप्रमाणे तिथे कॉफीच्या दुकानात निखिल भेटला. मूळ पुण्याचा, आयटीतला, यादी तोच सांभाळतो. कॉफीच्या किमतीत मयूर विहारला दोघांचं जेवण होतं, हे जाता जाता सांगून ठेवते.

मुलगा सज्जन. गेल्या कितीतरी कार्यक्रमांचे गुणदोष त्यानं मला तोंडपाठ ऐकवले. मी म्हटलं, संजूलाच विचार की. तो हसला. संजू दर मुलाखतीत वेगळीच गोष्ट सांगतो, म्हणून बँडचा शब्द यादीत धरतच नाहीत. मला वाटलं, कारखान्यात वाजवलं हे सांगायची लाजच वाटत असेल त्याला. ते मला फार लागलं.

"ताई, माझा विश्वास आहे तुमच्यावर," निखिल म्हणाला, "पण नियम म्हणजे नियम यार. दोन साक्षीदार लागतात."

दुसऱ्या दिवशी मानेसर गाठलं. गुडगावहून बसही मिळते, पण शेअर गाडी लवकर पोचते. रस्ता ओळखू येत नाही आता, पूल काय, टोलेजंग इमारती काय! आमच्या कंपनीचं गेट मात्र तिथेच होतं. समोरच्या चहावाल्याला विचारलं तर रामपाल निवृत्त होऊन मागच्या गल्लीत हार्डवेअरचं दुकान चालवतोय म्हणे.

मला बघून तो आधी गोंधळला. मी एवढंच विचारलं, विश्वकर्मा पूजेचा तो बाजा आठवतो का? हातातला पाना त्यानं काउंटरवर आपटला. एक ठोका, जरा दम, मग दोन. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग मी त्याला सगळं सांगितलं. ही साथ अजून देतात, मोठमोठ्या शहरांत देतात. त्यानं पाना खाली ठेवला.

"हमारा वाला, मैडम जी? अब तक?"

तिसरा दिवस. कार्यक्रम संध्याकाळी पाच वाजता, काचेच्या इमारतींमधल्या मैदानावर. पाणी आत नेऊ देत नाहीत, बाटली बाहेरच संपवा. रामपाल इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आला होता. सगळीकडे काळे टी-शर्ट, त्यात तो एकटा पांढरा. निखिलनं आम्हाला पुढे कठड्यापाशी जागा करून दिली.

ते लांब गाणं आलं. वाद्यं थांबली, ड्रम उरला आणि लोकांनी ठोकायला सुरुवात केली. नुसते सरळ एकसारखे ठोके. रामपालच्या कपाळावर आठ्या पडल्या. "गलत बजा रहे हैं," तो म्हणाला. त्यानं खिशातून दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि लोखंडी कठड्यावर मारला. एक, दम, दोन. मीही हातातल्या बांगडीनं साथ दिली. निखिलनं दिली, मग त्याच्या मागच्यांनी.

संजूचा हात थांबला. केस पांढरे झालेत त्याचे. मान वर करून त्यानं त्या पांढऱ्या कुर्त्याकडे पाहिलं आणि पुढच्या क्षणी ड्रमवर तोच ठेका धरला. मग माइक ओढून घेऊन म्हणाला, "मानेसर!" बस, एवढंच. रामपालची छाती अशी फुगली की काय सांगू, आणि माझीही.

आता पुण्यात घरी बसून लिहितेय. पाय अजून दुखतात, एक कान जरा कमी ऐकतो. नवऱ्यानं विचारलं, मिळवलंस काय? मी त्याच्यासमोर यादी उघडून धरली. मानेसर, कारखान्याचं कँटीन. साक्षीदार म्हणून रामपाल, प्रेस शॉप, आणि माझं नाव. आयोजक म्हणून पुन्हा माझंच नाव.

यादी तारखेप्रमाणे असते. बँडचा आजवरचा तो क्रमांक दोनचा कार्यक्रम निघाला. त्यामुळे नंतरचा प्रत्येक कार्यक्रम, ज्यांच्यावरून ही मंडळी इतकी वर्षं भांडत आलीत ते सगळे, निखिलला एकेक आकडा खाली सरकवावे लागले. दोन दिवस बसला होता बिचारा.