विंगेतली सहा पावलं

पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं. अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीच्या अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर एक बाई नव्याने राहायला आल्या होत्या आणि त्यांच्यासोबत ऐंशी पार केलेले वडील होते, इटलीहून आणलेले. शेजारधर्म म्हणून मी रव्याचे लाडू घेऊन गेले. म्हाताऱ्याने दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि धाडकन बंद केलं. मी चिडून खाली आले. लाडू मुलांनाही देणार नव्हते, इतकी चिडले होते.

पाठोपाठ त्यांची मुलगी माफी मागायला आली. वडील जन्मभर रंगभूमीवर आणि सिनेमात काम करत होते, म्हणाली, आणि तिकडच्या नाटकवाल्यांना जांभळा रंग वर्ज्य. माझी ओढणी जांभळी होती. पूर्वी ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत चर्चमध्ये सगळीकडे जांभळं कापड चढायचं, नाटकं बंद व्हायची आणि नटांच्या चुली विझायच्या. तेव्हापासूनची ही धास्ती. मुलीला वाटलं मी हसेन. पण नटराजाची पूजा आणि नारळ झाल्याशिवाय मी कधी रंगमंचावर पाय ठेवला नव्हता, मी कशाला हसू? ओढणी बदलली आणि तेच लाडू घेऊन पुन्हा वर गेले. या वेळी दार पूर्ण उघडलं.

पुण्यात मी सात वर्षं नाटकांत कामं केली. मग एका मालिकेत सोशिक सून झाले आणि तीन वर्षं रोज रडले. रस्त्यात बायका माझा हात धरून सासूला उलटं बोलायचा सल्ला द्यायच्या. त्या सुनेचा इतका वीट आला की लग्न ठरताच मालिका सोडली आणि नवऱ्यामागून इथे आले. इथे सरकारदरबारी माझी ओळख एकाच शब्दाची, डिपेंडंट. या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नाही. नवरा सकाळी गाडी घेऊन ऑफिसला जातो, मुलं बसने शाळेत जातात. मग मी आणि खिडकी. खाली उतरून चालायला लागावं तर फुटपाथ दोनशे पावलांवर एकदम संपतो आणि पुढे हायवे. अशी नऊ वर्षं झाली.

वरच्या मजल्यावरही तीच कथा होती. गुडघे गेलेले, इंग्रजी तोडकंमोडकं, मुलगी दिवसभर कामावर. म्हणून मी दुपारी वर जाऊ लागले. मुलगी त्यांना म्हणायची तसं मीही आधी ‘माएस्त्रो’ म्हणायचा प्रयत्न केला, पण तोंडात ‘मास्तर’च बसलं. त्यांनाही ते चाललं.

मास्तरांचं आयुष्य मी त्या दुपारच्या कॉफीसोबत तुकड्यातुकड्याने ऐकलं. आजोबांची फिरती नाटक कंपनी. हे जन्मले तेही दोन गावांच्या मध्ये, पडद्यांच्या ट्रकमध्ये. आठ महिन्यांचे असताना पहिली भूमिका मिळाली, रडणाऱ्या बाळाची, आणि नेमके त्या प्रयोगाला ते झोपले. आईने भर रंगमंचावर चिमटा काढला. “तेव्हापासून मी वेळेवर रडतो,” ते म्हणायचे. पुढे सिनेमा. चेहरा सज्जन म्हणून कायम पाद्र्याची भूमिका. मग एका मालिकेत अकरा वर्षं डॉक्टर झाले, तेव्हा गावोगावी लोक रस्त्यात पँट वर करून गुडघे दाखवायचे. मी माझ्या सुनेची गोष्ट सांगितली तेव्हा ते खोकला लागेपर्यंत हसले.

मधल्या काळात पोटासाठी डबिंग केलं. एका मोठ्या अमेरिकन नटाचा इटालियन आवाज वीस वर्षं ते होते. तिकडे तो नट बोलला की लोकांना मास्तरच ऐकू यायचे. “त्याच्या देशात आलो,” ते एकदा खिडकीजवळ म्हणाले, “आणि इथे मी बोललो की लोक म्हणतात, सॉरी, समजलं नाही.” त्या दिवशी मला घरी येऊन स्वयंपाक सुचला नाही.

त्यांनी मला अनेकदा विचारलं, तुझं काहीतरी करून दाखव. मी व्हिसाचं कारण सांगायचे. एकदा त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, “तुझा व्हिसा जांभळा आहे का?”

चिडायचं काही कारण नव्हतं, तरी मी चिडले. कारण हाच विषय घरीही झाला होता. दरवर्षी मराठी मंडळाचं नाटक असतं आणि दरवर्षी मला बोलावणं येतं. नवरा वैतागून म्हणाला होता, “अगं, ते अनपेड असतं यार. व्हॉलंटियर करायला कोण अडवतंय? मी लॉयरला पण विचारलं, काही इश्यू नाहीये.”

“उगाच रिस्क कशाला?” मी म्हणाले होते आणि भांडी घासायला घेतली होती.

या वसंतात जवळच्या चर्चमधल्या इटालियन मंडळींनी कार्यक्रमासाठी एक रविवार ठरवला. मास्तरांना वीस मिनिटं दिली. ते इतके खूश झाले की स्वतःच्या हाताने दाढी करायला लागले. करायचं होतं मास्तरांच्या वडिलांनी लिहिलेलं स्वगत. एक म्हातारा नट रिकाम्या थिएटरात उभा राहून आपल्या जोडीदारणीच्या एंट्रीची वाट पाहतो. कंपनीत ते वडीलच करायचे; शेवटी मास्तरांची आई विंगेतून यायची, काही न बोलता वडिलांचा हात धरायची आणि पडदा पडायचा. “आता ते शेवटचं काढून टाकलंय,” ते म्हणाले. “आई कुठून आणू?”

अडचण प्रॉम्प्टरची झाली. त्यांच्या कंपनीत रोज वेगळं नाटक, त्यामुळे पूर्ण पाठ कोणीच करायचं नाही. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा असायचा, त्यात प्रॉम्प्टर बसून अख्खं नाटक कुजबुजायचा, आणि नट एक वाक्य बोलताना पुढचं कानात घ्यायचा. कार्यक्रम बसवणाऱ्या बाईंनी सांगितलं, इथे प्रयोगाला प्रॉम्प्टर नसतो. “मग मीही नसतो,” मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, मी उभी राहते विंगेत. आपल्याकडे प्रॉम्प्टर तिथेच तर असतो. इटालियन मला येत नाही, पण देवनागरीत लिहून घेतली की ती सरळ वाचता येते. ते एकेक वाक्य बोलायचे, मी माझ्या मुलीच्या शाळेच्या वहीत उतरवायचे, मग अर्थ विचारायचे. तीन आठवड्यांत मला अख्खं स्वगत पाठ झालं. त्यांनाही बहुधा झालं असावं, कारण नंतरनंतर माझी कुजबुज पोचायच्या आत वाक्य सुटायचं. मी ते मनावर घेतलं नाही.

आदल्या दिवशी ते म्हणाले, “उद्या चांगली साडी नेस.”

“विंगेतल्या माणसाला साडी कशाला?”

“आमच्यात तसं असतं. शकुन.”

जांभळ्याच्या माणसाशी वाद कोण घालणार? मी डाळिंबी इरकल काढली. ती मी पुण्यातल्या शेवटच्या प्रयोगानंतर घेतली होती, कधीच नेसले नव्हते.

चर्चच्या तळघरातला हॉल, साठएक खुर्च्या, मागे कॉफीचा मोठा थर्मास. नवरा मुलांना घेऊन मागे बसला होता. विंग म्हणजे एक काळा पडदा. त्याच्या आत मी वही घेऊन उभी. मास्तर काठी टेकत गेले, काठी खाली ठेवली आणि बोलू लागले. आमच्या जिन्यात कण्हणारा माणूस तो नव्हताच. आवाज भरदार झाला आणि मागच्या खुर्चीपर्यंत गेला. मला आठवलं, पूर्वी हे मलाही येत होतं. मी कुजबुजत राहिले, पण ते घेत नव्हते. त्यांना गरजच नव्हती.

शेवटून दुसऱ्या वाक्याला ते थांबले. ‘तू येईपर्यंत मी बोलतच राहीन,’ असं ते वाक्य. ते बोलून ते माझ्या दिशेला वळले आणि हात पुढे केला. तळहात वर.

तालमीत हा हात नव्हता. मी शेवटचं वाक्य दिलं. त्यांनी घेतलं नाही. हात तसाच. आणि ते हसत होते. विसरलेला माणूस असा हसत नाही. पडद्यापासून त्यांच्यापर्यंत सहा पावलं होती. बोलायचं काही नव्हतं. फक्त जायचं, हात धरायचा. साडी मी नेसलेली होतीच.

मी वाक्य पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. पुढच्या रांगेतल्या लोकांनी मान वळवली.

मास्तरांनी हात खाली घेतला. शेवटचं वाक्य म्हणाले, वाकले, आणि लोक उभे राहिले.

नंतर त्यांची मुलगी मला म्हणाली, तीन आठवडे ते रोज रात्री जेवताना सांगायचे की शेवट काढलेला नाही, ती येणार आहे, तिला सांगू नकोस. मी म्हटलं, अरेरे, मला वाटलं वाक्य विसरले. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मास्तर शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, “तू फार चांगली प्रॉम्प्टर आहेस.” इतकं लागेल असं मला आजवर कोणी बोललेलं नाही.

गाडीत नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. “मस्त दिसतेयस. पण तू तर आतच होतीस ना? मग एवढी तयार कशाला झालीस?”

“त्यांच्यात तसं असतं,” मी म्हणाले. वही अजून माझ्या मांडीवर उघडीच होती.