थकलेल्या पायांचा बूट

टपालमावशीच्या पायाला भिंगरीच होती. पंचवीस वर्षं तिने घरोघर पत्रं वाटली आणि एवढं चालणं कमी पडलं म्हणून की काय, चाळिशी उलटल्यावर ती मॅरेथॉन पळायला लागली. नवे बूट पळून तपासायला बुटांच्या कारखान्याने तिला हेरलं ते तिच्या वेगासाठी नव्हे, तोंडासाठी. बूट वाईट असला की ती वाईटच म्हणायची.

त्या कारखान्याचा शर्यतीचा बूट मावशीचा लाडका. तळाच्या फोममध्ये कार्बनची कडक पट्टी. पाऊल टेकलं की कुणीतरी मागून हलकेच ढकलल्यासारखं वाटायचं. आता त्याची सुधारलेली आवृत्ती आली होती. इंजिनिअरने खोका असा पुढे केला, जणू बारशाला पाळण्यातलं बाळच दाखवतोय.

"फोम जाड केलाय, टाच निमुळती. वजन कमी. तपासणाऱ्या बाकी पाचही जणांनी उत्तम लिहिलंय, मावशी."

मावशी बत्तीस किलोमीटर पळून आली. पंचवीसपर्यंत वाऱ्यावर स्वार होती. पुढे पाय दमले आणि प्रत्येक वळणावर घोटा आत कलंडायला लागला. तिने तसं सांगितलं, तर इंजिनिअरचा चेहरा पडला.

"यंत्रावर तर सगळे आकडे चांगले आलेत!"

"बाकीचे किती पळले?"

"दहा किलोमीटर. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर."

"मग मॅरेथॉनही दहाचीच ठेवा की!"

इंजिनिअरला ते पटलं काही नाही. घरी मावशी धुसफुसतच जेवायला बसली. नवरा शिंपी, त्याने शांतपणे घास गिळला आणि म्हणाला, "अगं, गिऱ्हाईक उभं असताना पँट झकास बसते. उसवते ती खाली वाकल्यावर. त्याला वाकलेलं गिऱ्हाईक दाखव."

दुसऱ्या दिवशी तिने इंजिनिअरला फोन केला. "रविवारी सायकल घेऊन ये. कॅमेराही आण."

तो आला. कालव्याकाठच्या रस्त्याने ती पुढे, तो मागे. अठ्ठाविसाव्या किलोमीटरला मावशीचं बोलणं बंद झालं, तिसाव्याला इंजिनिअरचं. एका वळणावर ती भेलकांडली आणि कठड्याला धरून कशीबशी सावरली. तो सायकल टाकून धावला.

"लागलं का?"

"मला नाही. चित्रीकरण झालं का, ते बघ!"

झालं होतं. कठड्यावर बसून दोघांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. सुरुवातीला सरळ पडणारी टाच शेवटी चक्क आत झुकत होती. इंजिनिअरने कान पकडले. "चुकलं माझं. मी फक्त ताज्या पायांचा विचार केला."

"तुझे पाय अजून दमलेतच कुठे!" मावशी म्हणाली आणि त्याच्या बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

कारखान्यात साहेबांनी पुष्कळ आदळआपट केली, पण चित्रफीत पाहून बुटाची विक्री दोन महिने पुढे ढकलली. टाच सहा मिलिमीटर रुंद झाली, वजन चिमूटभर वाढलं. तो बूट घालून मावशी शर्यत पळली आणि जुन्या वेळेपेक्षा चार मिनिटं उशिरा पोचली. इंजिनिअर शेवटच्या रेषेपाशी नखं खात उभा होता.

"बुटात काही खोट राहिली का, मावशी?"

"बूट सोन्यासारखा आहे रे," ती धापा टाकत म्हणाली. "अर्ध्या वाटेत टपालातली जुनी मैत्रीण भेटली. आता तिच्याशी बोलायचं नाही का?"