ताईच्या फोनात एकाच गेमला जागा

गेम यायच्या आधीच त्याची हवा झाली होती. रील्समध्ये एकेक जण हेडफोन गळ्यात अडकवून सांगत होता की आता बाकीचे सगळे शूटर गेम विसरा. खांदा कॉलनीत आमच्या बिल्डिंगखाली मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यानेसुद्धा त्यातल्या मुखवटेवाल्या सैनिकाचं कव्हर दर्शनी भागात टांगलं होतं. गेम अजून आला नव्हता, कव्हर मात्र संपत आलं होतं.

मला अशा हवेचा संशयच येतो. पण या वेळी मत माझ्या एकटीपुरतं नव्हतं. ताईने विचारलं होतं.

ताई म्हणजे माझी चुलत बहीण. काकांचं घर आमच्या वरच्याच मजल्यावर, त्यामुळे आम्ही दोघी जिन्यातच वाढलो. शूटर गेम खेळायला तिनेच मला शिकवलं. आमची विभागणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. ती बोलायची, मी ऐकायची. ती माइकवर आमच्याच टीममधल्या अनोळखी पोरांना दम द्यायची, त्यांच्या नेमाची चेष्टा करायची, हरल्यावर त्यांच्याशी भांडायची. माझा माइक कायम बंद. मी फक्त पावलांचे आवाज टिपायची आणि कुणी कुठे आहे त्याची खूण नकाशावर करायची. हे मला उत्तम जमायचं. शाळेत मागच्या बाकावर बसून मी दुसरं काय केलं होतं?

मागच्या थंडीत तिचं लग्न झालं, उरणकडच्या एका गावात. हळदीला अख्खं गाव नाचलं आणि मी खुर्च्यांच्या मागे उभी राहून सगळ्या बायकांच्या पर्सेस सांभाळल्या. त्यानंतर ताईला भेटायची एकच जागा उरली, गेम. फोनवर मला बोलता येत नाही. 'हं', 'हो', 'बरं' एवढं झालं की माझ्याकडचे शब्द संपतात आणि समोरच्याला वाटतं, रेंज गेली.

दुपारी तीन ते चार ही आमची वेळ. तेव्हा तिच्या सासूबाई आडव्या होतात आणि भावोजी बंदरावर कामाला असतात. माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे जेवणाची सुट्टी मी तीनला घेते. का, ते ऑफिसात कुणी विचारलेलं नाही. ताईने सासरी सांगून ठेवलं होतं की या वेळेत मी बहिणीशी बोलते. ते खरंच होतं. बोलता बोलता आम्ही लोकांना गोळ्या घालतो, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

आता अडचण अशी झाली की जुन्या गेममधले सगळे नव्याच्या तयारीला लागले. मॅचमध्ये माणसं कमी आणि कंप्युटरने चालवलेले पुतळेच जास्त भेटायला लागले. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि गोळी खातात. त्यात काही मजा नव्हती. आणि ताईच्या फोनात दोन गेम मावत नाहीत, कारण तो हळदीच्या व्हिडिओंनी भरलाय. ते उडवायची सोय नाही. पाहुणे आले की सासूबाई म्हणतात, "दाखव गो."

"तू आधी खेळून बघ," ताई म्हणाली. "तू हो म्हणालीस की मी जुना उडवते."

तिला ते सोपं वाटत होतं. मला दिसत होतं की जुना गेला आणि नवा जमला नाही, तर आमची दुपार गेली. मग मी 'हं' आणि 'हो' वर येणार.

गेम आला. मी आठवडाभर एकटीने खेळले. खरं सांगायचं तर, चांगला होता. पाण्यावरचं ऊन खऱ्यासारखं दिसायचं. बंदुकीला वजन होतं. घाईत नेम धरला की हात हलायचा. पडक्या गावात शिरायचं, मिळेल ते सामान उचलायचं आणि ट्रक निघायच्या आत तिथून बाहेर पडायचं. मेलात तर जवळचं सगळं गेलं. पावलांचे आवाज तर इतके स्पष्ट की मला ते माझ्यासाठीच केलेत असं वाटलं.

पण एक गोष्ट होती. माइक चालू असला तर तुमचा आवाज आसपासच्या सगळ्यांना जायचा, शत्रूलासुद्धा. रील्समधली पोरं याच गोष्टीवर सगळ्यात जास्त खूश होती. मी ते वाचून आधी माझा माइक बंद आहे ना, ते तपासलं.

"गेम चांगला आहे," मी ताईला मेसेज केला, "पण आपला नाही."

"म्हणजे?"

"तू बोलशील ते सगळ्यांना ऐकू जाईल."

"जाऊ दे की. आपण काय बँक लुटतोय?"

"मॅच खूप वेळ चालते."

"माझी सासूपण खूप वेळ झोपते. आणि मी जुना उडवला सकाळीच. मला राहवलं नाही."

माझ्या मताचं हे असं झालं.

दुसऱ्या दिवशी तीनला आम्ही उतरलो. ताईचं एक सांगायला हवं, ती इअरफोन लावत नाही. सासरी कुणी हाक मारली आणि सुनेला ऐकू गेली नाही, असं होऊन चालत नाही. म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर असतो.

एका पडक्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर आम्ही दबा धरून बसलो होतो. खाली पावलं वाजली. दोन माणसं. मी नकाशावर खूण केली. तेवढ्यात माझ्या कानात, लांबून पण ठणठणीत, तिच्या सासूबाईंचा आवाज आला.

"सूनबाय, कालवनाला सुका जवला भिजत घातलास का?"

खालची पावलं थांबली.

"आले, आई," ताई म्हणाली आणि फोन पलंगावर टाकून गेली. माइक चालूच. गेममधली तिची सैनिक खिडकीपाशी बंदूक रोखून नुसती उभी.

"भाई, ऊपर कोई है," खालून एक आवाज आला.

"जवला बोलली रे," दुसरा हसत म्हणाला. "आपल्याकडचीच हाय." मग त्याने वर ओरडून सांगितलं, "ओ ताई, आमाला पन ठेवा थोडा."

हा आवाज जसा माझ्या कानात आला, तसाच तिकडे ताईच्या खोलीत स्पीकरवर वाजला असणार, हे मला एक क्षण उशिरा कळलं. कारण पुढचा आवाज सासूबाईंचा होता आणि तो अगदी जवळून आला; त्या शेजारच्या खोलीतून उठून आल्या होत्या.

"कोन रं तू?"

खाली एक पाऊल मागे सरकल्याचं मला ऐकू आलं.

"बोल की. माझ्या सुनेच्या फोनवर काय करतंस?"

"काकी, मी त्यांना वळखत पन नाय," पोरगा गडबडला. "मी हितं खाली उबा हाय."

"खाली?" खिडकी उघडल्याचा आवाज आला. "खाली तं कुनी नाय. खोटं बोलतंस?"

परक्या पोराचा आवाज सुनेच्या फोनवर, तोही भर दुपारी, 'बहिणीशी बोलते' या वेळेत. ताई स्वयंपाकघरात. ती येऊन काहीही बोलली असती तरी ती सारवासारवच वाटली असती. तिथे खरं सांगू शकणारी मी एकटीच होते आणि माझा माइक बंद होता.

मी बटण दाबलं.

"काकी, मी बोलतेय. ताईची बहीण. खांदा कॉलनीतली."

"तू?" त्या थबकल्या. "तुला बोलता येतं?"

"येतं," मी म्हटलं. "काकी, हा गेम आहे. आम्ही दोघी रोज खेळतो. हा मुलगा ताईच्या ओळखीचा नाही. तो समोरच्या टीममधला आहे. तो ताईला मारायला आलाय."

हे सांगताना मला जेवढं बरोबर वाटलं होतं, तेवढं ते ऐकायला नव्हतं.

"मारायला?"

"गेममध्ये. खोटं खोटं."

"काकी, खरंच गेम हाय," खालून पोरगा मदतीला आला.

मग सासूबाईंनी, आमच्याकडे लग्नाच्या मांडवात विचारतात तसं, त्या पोराला विचारलं, "गाव कुठलं तुजं?"

"करंजाडे."

"कोनाचा?"

त्याने वडिलांचं नाव सांगितलं. त्यावरून त्यांना काही ओळख लागली नाही. "आनि आई कुठली?"

त्याने गाव सांगितलं. सासूबाईंचा आवाज एकदम मवाळ झाला. "आरं, माजं माहेर हाय ते. मंग मी तुजी मावशी लागते. मावशीच्या सुनेला मारशील?"

"नाय मावशी."

"मंग जा घरी."

"जातो," तो म्हणाला, आणि खरोखर जिन्यापासून लांब जाणारी पावलं मला ऐकू आली. एकाच माणसाची.

"भाई, हो क्या रहा है?" त्याचा हिंदी बोलणारा जोडीदार म्हणाला. त्याचं आमच्यातल्या कुठल्याच गावाशी नातं नव्हतं. तो वर आला आणि त्याने आधी ताईला, मग मला गोळी घातली.

ताई परत आली तेव्हा सासूबाईंच्या हातात फोन होता आणि पडद्यावर ती मरून पडली होती.

"रोज ह्येच करता तुमी?" सासूबाईंनी विचारलं.

ताईचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. "हो, आई."

"आनि मला सांगितलंस बहिनीशी बोलते."

"काकी, ती माझ्याशीच बोलते," मी मध्ये पडले. माइक अजून चालूच होता. "मला फोनवर बोलायला जमत नाही. हे बंद झालं तर आमचं बोलणंच होणार नाही."

एवढं लांब वाक्य मी त्या घरात लग्नाच्या चारही दिवसांत बोलले नव्हते.

"आत्ता तं चांगली बोलतंस," त्या म्हणाल्या. मग जरा चिडूनच, "पन मेलात कशाला? त्यो भाचा गेला तवा तुमीपन पलायचं ना. दुसरा उबाच होता की."

हे अगदी बरोबर होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"जवला मी टाकते," असं ताईला सांगून त्या बाहेर गेल्या. "चारला ये खाली."

मग ताईला हसू फुटलं. ते आवरल्यावर ती म्हणाली, "जुनाच टाकू का परत? तुझं ऐकायला हवं होतं मी."

नवी मॅच सुरू होत होती. पाण्यावरचं ऊन दिसायला लागलं होतं.

"राहू दे," मी म्हटलं. "तू दार बघ, मी जिना बघते."