नाही म्हणायची नोकरी

मॅट्रिक झालो आणि यवतमाळच्या एका लोखंडाच्या दुकानात फिरता विक्रेता म्हणून लागलो. आम्ही बुद्ध धम्म स्वीकारल्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. घरातला पहिलाच नोकरदार म्हणून आईने गल्लीभर साखर वाटली. मी आठ दिवसांत सळया, पट्ट्या, पत्रे यांची मापं पाठ केली, आरशासमोर भाषण बसवलं आणि कळंबला निघालो.

तिथल्या लोहाराने मला ओट्यावर बसवून चहा पाजला. माझे वडील त्या गावात कधी कोणाच्या ओट्यावर बसले नव्हते. पण ते लोखंड विकत नव्हते.

"बाबू, बैलगाडीच्या चाकाले लोखंडाची धाव चढवाची हाय. पट्टी भेटन का?"

"मांगान तेवढी भेटन!" मी म्हणालो.

मागणी लिहून घेऊन लढाई जिंकल्यासारखा परतलो. दुकानाच्या शेठजींनी कागद वाचला नि चष्मा काढला.

"हे कायले आणलं?"

"विकाले त धाडलं ना मले?"

"अरे, लोखंडावर सरकारचा कंट्रोल हाय. परमिट नाही त माल नाही. गोदामात पट्टीचा तुकडा नाही. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तुले गोड बोलून 'नाही' म्हणायले धाडलं!"

हे आधी कळलं असतं तर भाषण वेगळं बसवलं असतं.

दुसऱ्या दिवशी कळंबला गेलो. माझ्या शब्दावर लोहाराने तीन गाड्यांच्या झिजलेल्या धावा काढून टाकल्या होत्या. उघडी चाकं अंगणात पडलेली, शेजारी गाडीवाले उकिडवे बसलेले. मला पाहून ते हसत उठले. 'नाही' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

"दोन दिवस थांबा," एवढंच म्हणालो.

ते दोन दिवस मी कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरच्या मागे लागलो. त्यांच्या आवारात मोडक्या यंत्राच्या जाड पट्ट्या गंजत पडल्या होत्या. पाठ केलेलं सगळं भाषण त्याच्यावर खर्च झालं. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "ने बाबा, पण गप बस."

लोहाराने पट्टी फिरवून फिरवून पाहिली.

"नवी सांगतली होती ना?"

"तुमच्यासाठी नवीच हाय."

तो हसला आणि भट्टी पेटवायला लागला. तिन्ही गाड्या रस्त्याला लागल्या.

शेठजींनी पाठ थोपटली आणि असलं पुन्हा करायचं नाही, अशी तंबीही दिली. पुढे मुकुटबनला मी तासभर बोलून माल नसल्याचं पटवलं, तेव्हा लोक मला मोटारीपर्यंत पोचवायला आले. त्याच महिन्यात शेठजींनी मला कायम केलं.